पाय बाहेर मुरगळला

"मॅडम, तुमच्या ह्या यंत्राला 'आई गं' कळतं का?"

अख्खी शाळा हसली. प्रश्न खरं तर माझा नव्हताच. तहसीन आणि पल्लवी, माझ्या दोन मैत्रिणी, त्यांनी पैज लावली होती की पाहुण्यांना हे विचारून दाखव, महिनाभर आमच्या डब्यातला पहिला घास तुझा. आठवीपर्यंत मी वर्गात फक्त बाकाशी बोलायचे. नववीत माझं काय झालं मला माहीत नाही, पण जूनपासून माझा आवाज माझ्याआधी वर्गात शिरायला लागला होता. मी उभी राहिले, वेणी मागे टाकली आणि विचारलं.

मुख्याध्यापकांचा चेहरा कोकमासारखा झाला. पाहुण्या डॉ. गुर्जर मात्र हसल्या नाहीत.

"नाही कळत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी इथवर आले. नाव काय तुझं?"

"शर्वाणी दिगंबर तोडणकर. नववी ब."

"मग शर्वाणी, तूच शिकव त्याला."

यंत्र म्हणजे घोट्याच्या वर बांधायची एक पट्टी. सरकारी योजनेतून फुकट मिळणार होती, साठीच्या पुढच्यांना आणि पाय दुखावलेल्यांना. कागदोपत्री नाव 'पायसखी', पण आमच्या कर्दळे गावात तिला कोणी सखी म्हटलं नाही, नुसती पट्टी.

ती कशी चालते ते दुसऱ्या दिवशी आमच्या विज्ञानाच्या साळवी बाईंनी सांगितलं. बाई स्कूटरवरून पडल्या होत्या, त्यांना पट्टी आधीच मिळालेली. त्यांनी चप्पल काढली, खुर्चीवर बसल्या आणि पाय सरळ टेबलावर ठेवला. हजेरीपटाच्या शेजारी.

"हा बघा तळवा. तो आत वळला, दुसऱ्या पायाकडे बघायला लागला, की अंतर्वर्तन. बाहेर वळला, शेजारणीकडे बघायला लागला, की बहिर्वर्तन. आत तो तीस-पस्तीस अंश वळतो, बाहेर जेमतेम वीस. पायाला शेजारणीपेक्षा स्वतःचं घर जास्त आवडतं."

मग त्यांनी पोटरीच्या दोन्ही बाजूंना बोट लावून दाखवलं. बाहेरच्या बाजूचे स्नायू तळव्याला बाहेर ओढतात, आतल्या बाजूचा खोल स्नायू आत ओढतो. पाय घसरला की घोटा मुरगळायला पापणी लवण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही. स्नायूंना बातमी पोचते तोवर काम झालेलं असतं. पट्टीला मात्र ती बातमी आधी कळते. तळवा आत कलायला लागला रे लागला की ती बाहेरच्या स्नायूला विजेचा बारीक चिमटा काढते, तळवा सरळ होतो आणि माणूस उभा राहतो.

"मग अडचण कुठे आहे बाई?" मी विचारलं. तोवर प्रश्न विचारायची मला चटक लागली होती.

"अडचण माणसांची आहे. माणसं पट्टी उलटी बांधतात. उजव्या पायाची डाव्याला. मग पट्टीचं आत ते बाहेर, बाहेर ते आत. म्हणून माणूस धडपडला की पट्टी त्याला विचारते, 'पाय कुठे वळला?' माणसाचं उत्तर आणि पट्टीचं मोजमाप जुळलं नाही, तर पट्टी माणसाचं ऐकते. आपण उलट्या बांधलेल्या आहोत असं समजते आणि स्वतःच्या दोन बाजूंची अदलाबदल करून टाकते."

"किती गुणाची!" पल्लवी म्हणाली. "आमच्या घरात असं कोणीच नाही."

तर पट्टीला लोकांची उत्तरं कळायला हवी होती, आणि लोक काही 'अंतर्वर्तन झालं हो' असं ओरडत पडत नाहीत. ते जे ओरडतात ते गोळा करायचं काम माझं. चार रविवार मी आणि तहसीन दारोदार फिरलो. पाय लचकला. पाय भायेर गेला. घोटा निसटला. पाय वाकडा पडला नि मी आडवा. बंदरावरच्या एका म्हाताऱ्याने जे सांगितलं ते तहसीनने लिहायलाच नकार दिला. तीनशे बारा वाक्यं झाली, आणि प्रत्येकासमोर मी रकाना भरला, आत की बाहेर.

नोंद क्रमांक सत्तेचाळीस. 'पाय बाहेर मुरगळला.' समोर मी लिहिलं, बहिर्वर्तन. त्या धर्तीच्या पुढच्या एकवीस वाक्यांसमोरही तेच. बहिर् म्हणजे बाहेर. त्यात विचार करण्यासारखं होतं काय? साळवी बाईंनी तक्ता बघून बरोबरची खूण केली. वरच्या तज्ज्ञांनी संस्कृत शब्दांचं शुद्धलेखन तपासलं आणि तक्ता मंजूर केला. मला स्टेजवर बोलावून 'शब्दमित्र' म्हणून प्रशस्तिपत्र दिलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मराठी पट्टीत माझा तक्ता जाणार होता. मी स्टेजवरून उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून उतरले.

आता बाबांबद्दल.

माझे बाबा पाडेली. म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे. कर्दळ्यातले शेवटचे. वाडीवाल्यांनी मध्ये नारळ काढायची ड्रोन आणली होती, पण ड्रोनला कोवळं-जून कळत नाही. ते अख्खा घोसच छाटतं, सोबत माडाचा कोंबही दुखावतं. त्यामुळे सगळे पुन्हा बाबांच्या दारात आले, आणि तेव्हाच बाबा पडले. फार उंचावरून नाही, दोन पुरुष उंचीवरून. जीव वाचला, उजव्या घोट्याची हाडं धरून ठेवणाऱ्या दोऱ्या तुटल्या.

माडावर चढायचं म्हणजे दोन्ही पावलांत दोरीचा वेढा घालतात आणि तळवे खोडाच्या दोन बाजूंना दाबून वर सरकतात. तळवे एकमेकांकडे तोंड करून, नमस्कारासारखे. ज्याचा तळवा तसा वळत नाही, तो पाडेली नाही. बाबांचा उजवा तळवा वळायचा, पण दाब धरायचा नाही. तीन वर्षं ते ओटीवर बसून आईबरोबर झावळीचे हीर सोलत होते, झाडूंसाठी. बोलणं इतकंच, की पाणी दे, दार लाव.

पट्टी मी त्यांना हट्टाने बांधायला लावली. पहिल्याच दिवशी ते माडाच्या बुंध्याशी दोन हात चढले आणि घसरून खाली आले.

"ही बया मला वर जाऊ देत नाय," ते म्हणाले. "मी तळवे जुळवतो, ती सोडवते."

बरोबरच होतं. पट्टीला वाटत होतं हा माणूस मुरगळतोय. त्यांनी ती खुंटीला टांगली. आईच्या आग्रहाने नुसती चालण्यापुरती परत बांधली, आणि चारच दिवसांत वाडीच्या बांधावर त्यांचा पाय गेला. पट्टीने विचारलं, पाय कुठे वळला? बाबा चिखलात बसल्या बसल्या ओरडले, "भायेर मुरगळला, आणि कुठं!"

आणि मग एका सकाळी मी शाळेत निघाले तर अंगणातून आई वर बघत उभी. तिच्या हातातलं दुधाचं भांडं कलतं झालेलं आणि दूध पायावर सांडतंय, तिला पत्ता नाही. मी वर बघितलं. बाबा शेंड्यात होते. कमरेच्या आकडीला कोयता, डोक्याला पंचा, आणि ते गात होते. माझ्या बापाला गाता येतं हे मला पंधराव्या वर्षी कळलं.

"शर्वे!" ते वरून ओरडले. "तुझी पट्टी शहाणी झाली गो! मी एकदा दाबतो, ती दोनदा दाबते!"

मी शाळेपर्यंत पळत गेले. सगळ्यांना सांगितलं. साळवी बाईंना मिठी मारली, आणि बाईंनीही मारू दिली.

बाबा दिवसाला तीस-चाळीस माड चढायला लागले. सरपंचांनी त्यांचा व्हिडिओ काढून सगळ्या गटांवर टाकला. एरवी आमच्याकडे सरकारी वस्तू म्हणजे कपाटावर ठेवायची गोष्ट, पण महिन्याभरात कर्दळ्यात चौसष्ट पट्ट्या लागल्या. दिगू तोडणकर माडावर जातो, मग मला पायऱ्यांची पाखाडी चढता येणार नाय? जो तो हेच म्हणायचा. संध्याकाळी माणसं आमच्या ओटीवर यायची आणि बाबा त्यांना पट्टी कशी बांधायची ते दाखवायचे. बोलता बोलता आईची थट्टा करायचे. आई लाजायची. मला दोघांकडे बघायला सुद्धा लाज वाटायची, इतकं ते छान होतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला साळवी बाई शाळेच्या पायऱ्यांवर पडल्या.

मी तेव्हा नळावर होते. पल्लवीने बघितलं. "अगं, पाय जरासाच कलला होता," ती परत परत सांगत होती, "पण कलला तो कलतच गेला. कोणी पिळल्यासारखा." घोटा तीन ठिकाणी मोडला होता. पट्टी बांधल्यापासून बाईंची ही दुसरी वेळ; आठ दिवसांपूर्वी घरी थोडा पाय मुरगळला होता म्हणे. आरोग्यसेविका वैद्यताई म्हणाल्या की तालुक्यात तीन महिन्यांत असे अकरा घोटे झाले. वय झालं की व्हायचंच. पण बाई त्रेचाळीस वर्षांच्या आहेत.

मी भेटायला गेले तेव्हा बाईंचा पाय उंच टांगलेला होता आणि बोटं जांभळी.

"मला ओढल्यासारखं वाटलं गं," त्या म्हणाल्या. "खालून कोणी तळवा धरून आत ओढावा तसं."

घरी आले तर बाबा मागे आंघोळ करत होते आणि पट्टी दांडीवर लोंबत होती. का ते माहीत नाही, मी ती काढली आणि उजव्या पायाला बांधली. नीट, सुलटी, बाण पुढे करून. ओटीच्या कडेवर उभी राहिले आणि पाय किंचित आत कलवला. अगदी किंचित.

पट्टीने मला सावरायला हवं होतं. तिने पोटरीच्या आतल्या बाजूला चिमटा काढला आणि माझा तळवा सर्रकन आत ओढला. मी कडेवरून अंगणात कोसळले, कमरेवर.

"आई, पाय बाहेर मुरगळला!" मी किंचाळले.

आणि तशीच पडून राहिले. कारण माझा पाय माझ्या डोळ्यांसमोर होता. तळवा आत होता. दुसऱ्या पायाकडे बघत होता. बाहेर आलं होतं ते घोट्याचं हाड. आपण सगळे त्या हाडाकडे बघतो! हाड बाहेर येतं, पाय बाहेरच्या कडेवर पडतो, दुखतं बाहेरच्या बाजूला, म्हणून आपण म्हणतो पाय बाहेर मुरगळला. मी म्हणते, बाबा म्हणतात, साळवी बाई म्हणतात, सगळा महाराष्ट्र म्हणत असेल. आणि पुस्तक तळव्याकडे बघतं. पुस्तकात त्यालाच अंतर्वर्तन म्हणतात.

नोंद क्रमांक सत्तेचाळीस उलटी होती.

पुढचं सगळं माझ्या डोक्यात धडाधड लागत गेलं. माणूस धडपडतो. पट्टी मोजते, आत. माणूस सांगतो, बाहेर. माझा तक्ता पट्टीला सांगतो, बहिर्वर्तन. पट्टीला वाटतं आपण उलट्या बांधलेल्या आहोत. बिचारी बाजू बदलते. त्यानंतर तो माणूस पुन्हा घसरला की ती त्याला वाचवायला जाते आणि त्याचा घोटा मोडते.

फक्त एकाच कामात हे बरं. तळवे आत दाबायच्या कामात.

"शर्वे, पडलीस?" बाबा अंग पुसत आले. मला पट्टीसकट उचलून त्यांनी ओटीवर बसवलं. हसत होते. "अगो, ती माझ्या पायाला शिकलेली. तुझ्या पायाला कशी ऐकेल?"

माझ्या आवाजाला एवढी तोंडं फुटली होती जूनपासून, पण त्या दिवशी एकही उघडलं नाही.

किती दिवस बोलले नाही ते सांगते, नाहीतर ही गोष्ट खोटी होईल. नऊ दिवस. रोज सकाळी ठरवायचे, आज. आणि रोज सकाळी बाबा दोरी खांद्यावर टाकून निघायचे. नोंद दुरुस्त झाली तर त्यांची पट्टीही दुरुस्त होणार, आणि दुरुस्त पट्टी त्यांना दोन हातांपलीकडे चढू देणार नाही. मी बाबांच्या चपला बघायचे. बाहेरच्या कडा झिजून कागद झाल्या होत्या. जमिनीवरही ते आता पायांच्या कडांवर चालत होते. हे मला दिसत होतं आणि मी चपला सरळ लावून ठेवत होते.

पाचव्या दिवशी मी बाईंकडे परत गेले, सांगायचं म्हणून. ऑपरेशनच्या जखमेत पू झाला होता. बाईंनी माझा हात धरला आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाल्या, "ही माझी विद्यार्थिनी. हिचे शब्द आहेत त्या यंत्रात." मी त्यांना मोसंबी सोलून दिली आणि घरी आले.

दहाव्या दिवशी तहसीन शाळेत आली नाही. मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. तिची अम्मी, नजमाचाची, दोन्ही पाय दुखतात म्हणून दोन्हींना पट्टी बांधणारी, आतल्या खोलीत कण्हत होती.

"काल जेटीवर पडली," तहसीन म्हणाली. "मासळीची टोपली डोक्यावर, आणि पाय बाहेर..."

"आत," मी म्हणाले. "आत वळला, तहसीन."

मग मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच उठली आणि अम्मीच्या दुसऱ्या, चांगल्या पायाची पट्टी सोडून आली. परत बसली.

"तुला कधी कळलं?"

"दहा दिवस झाले."

"दहा." तिने बोटं मोजली नाहीत, पण मला मोजल्यासारखी वाटली. "मी तुझ्याबरोबर दारोदार हिंडले शर्वाणी. मी पण लिहिलंय ते. मला सांगायचंस ना."

"बाबा..."

"माझी अम्मी नाही का कोणाची?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला दारापर्यंत सोडलं, चप्पल घालेपर्यंत थांबली, आणि दार लावलं.

त्याच दुपारी मी शब्दमित्राच्या खात्यातून दुरुस्ती पाठवली. कारण लिहिलं, आकृती काढली, तळव्याला बाण दाखवले. अकरा मिनिटांत उत्तर आलं. 'आपण सुचवलेला बदल सत्त्याण्णव टक्के मराठी वापरकर्त्यांच्या उत्तरांशी जुळत नाही. मूळ नोंद कायम. आपल्या सहभागाबद्दल आभार.'

मी डॉ. गुर्जरांना फोन लावला. चौथ्या दिवशी त्यांनी उचलला.

"शर्वाणी! आई गंवाली!" त्यांना मी आठवत होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये तोडलं नाही. "हे बघ, पडणारी माणसं पट्टीशिवायही पडतात. आणि तुझी नोंद आमच्याकडच्या सगळ्यात भक्कम नोंदींपैकी आहे. लाखो वेळा वापरली गेली, जवळजवळ प्रत्येक जण तेच म्हणतो."

"सगळे तेच म्हणतात म्हणूनच तर चूक आहे, मॅडम!"

"बाळा, एका शब्दासाठी सगळ्या पट्ट्या बंद नाही करता येत. मार्चमध्ये तपासणी आहे. तेव्हा तुझी आकृती मी स्वतः पुढे ठेवीन."

मार्च. म्हणजे चार महिने. म्हणजे आणखी किती घोटे, हे गणित मला येत होतं आणि करायचं नव्हतं.

मग मी घरोघर गेले. पहिलं घर बागवेनानांचं. नाना अंगणात सुपारी सोलत होते. मी सगळं सांगितलं, माझी चूक आहे, पट्टी काढा. नानांनी शांतपणे ऐकलं आणि कोयतीचं टोक समोरच्या वाडीकडे केलं. तिथे माडाच्या शेंड्यात बाबा होते. त्यांचं गाणं इथवर ऐकू येत होतं.

"तो तुझा बाप ना गो?" नाना म्हणाले. "त्याच्या पायात काय हाय?"

"पट्टी."

"मग?"

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरातल्या काकू तर म्हणाल्या, परीक्षा जवळ आल्यात, झोप पुरी होत नसेल. चौथ्या घरी मी गेलेच नाही. रस्त्यात उभी राहिले. पट्टी गावात कोणी आणली? डॉ. गुर्जरांनी नाही, मीही नाही. माझ्या बाबांना माडावर बघून ती चौसष्ट घरांत गेली होती, आणि बाबा माडावर आहेत तोवर ती कोणी काढणार नव्हतं.

काल सकाळी नजमाचाचीला तालुक्याला हलवलं. साळवी बाईंचं पाऊल वाचणार नाही असं पल्लवीने सांगितलं. मी वर्गात बसले होते आणि मला फळा दिसत नव्हता.

आज सकाळी आई चुलीशी होती, बाबा ओटीवर चहा पीत दोरीला पीळ भरत होते. मी गणवेश घातला नव्हता.

"ताप हाय काय?" आईने विचारलं.

"नाही. दोघं जरा बसा."

मी सांगितलं. तक्ता, तळवा, हाड, सगळं. बाबांसमोर पाय पसरून दाखवलं. बाई, नजमाचाची, सत्त्याण्णव टक्के, मार्च. नऊ दिवसही सांगितले. चहा उतू गेला, आईने चूल विझवली नाही.

बाबांनी दोरी खाली ठेवली आणि स्वतःच्या पावलांकडे बघितलं.

"माडावर ती बरोबर चालते," ते म्हणाले.

"चालते, बाबा."

"मी खाली उतरल्यावर सोडून ठेवीन. वर असतानाच लावीन. मग?"

"वर असतानाच लोक तुम्हाला बघतात."

बाबांनी तोंड फिरवलं. आई पुढे आली. "अगो शर्वे, मार्च काय लांब हाय? ती बाई म्हणालीय ना ठेवीन पुढे म्हणून? तीन वर्षं मी ह्या माणसाचा आवाज ऐकला नव्हता. तीन वर्षं. तुला नाय समजायचं ते. तू शाळेत जायचीस, मी समोर बसायची." तिने पदराने डोळे नाही पुसले, हात पुसले. "आणि तुझं नाव? उद्या सगळा गाव तुझ्या नावानं ओरडेल. नाव तरी नको सांगू. सांग, चूक झाली कोणाची तरी."

"तिला बोलू दे," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले. आवाज परत तो जुना होता. पाणी दे, दार लावचा. तीन वाक्यांत तो परत आला होता, आणि तो मी आणला होता.

आईच्या कुशीत शिरावं आणि मार्च म्हणावं, एवढंच वाटत होतं. पण मी उभी राहिले.

"आई, बाबा, माझं ठरलंय. आजपासून गावातली सगळी घरं होईपर्यंत मी शाळेत जाणार नाही. चौसष्ट घरांत जाऊन सांगणार की तो शब्द शर्वाणी तोडणकरने लिहिला, चुकीचा लिहिला, आणि कळल्यावर नऊ दिवस गप्प बसली. पहिल्यांदा तहसीनच्या घरी जाणार, दार उघडलं तर. आणि जाताना हातात तुमची पट्टी असणार, बाबा. तुम्ही सोडून दिलीत तर तुमचं नाव घेऊन, नाही दिलीत तर तुमच्या पायातून ओढून. पण आज तुम्ही माडावर चढणार नाही."